ढगांतून ऊन किती उतरते?



तारापूरच्या शेजाऱ्यांपुढे 'किरण' म्हटले की अणुभट्टीच आठवायची. मी बोलणार आहे उन्हाच्या किरणांविषयी. सातपाटीला बांबूंवर टांगलेले बोंबील सुकतात की कुजतात, हे अवेळी आलेल्या आभाळातून किती ऊन उतरते यावर ठरते, आणि बोंबील कुजले की बायकांची मेहनत मातीमोल होते.

ढगातला थेंब मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा. तो प्रकाश जवळजवळ गिळत नाही, नुसती दिशा बदलतो. सरळ निघालेल्या किरणाच्या वाटेत सरासरी किती धडका याव्यात, तो आकडा म्हणजे ढगाची 'जाडी'. प्रत्येक धडकेनंतरची दिशा मोजत बसलो तर जन्म पुरायचा नाही. ताऱ्यांचा विचार करताना १९०५ साली आर्थर शुस्टर यांनी युक्ती काढली : सगळ्या दिशा सोडा, दोनच प्रवाह धरा, एक वर जाणारा, एक खाली येणारा. या हिशेबाने ४० जाडीच्या ढगातूनही सुमारे पाव प्रकाश खाली पोचतो. आषाढातली दुपार रात्र होत नाही ती यामुळे.

पण खरी गोम पुढेच आहे. अर्धे आभाळ मोकळे आणि अर्ध्यावर ४० जाडीचा ढग, असे समजा. मोकळ्यातून शंभर टक्के, ढगातून पंचवीस, सरासरी साडेबासष्ट. आता कुणी आधी जाडीचीच सरासरी काढून २० जाडीचा सपाट ढग सगळीकडे पसरला, तर उत्तर येते चाळीस! आम्हां युनियनवाल्यांना ही सरासरी ओळखीची आहे. कायम आणि कंत्राटी कामगारांचे पगार एकत्र करून मालक सरासरी दाखवतो, तेव्हा आम्ही हजेरीपुस्तक मागतो.

ढगाचेही तसे हजेरीपुस्तक असते. मॉन्टे कार्लो पद्धतीत यंत्र एकेक प्रकाशकण, जणू फासे टाकून, धडकेमागून धडक पुढे नेते. ही पद्धत १९४० च्या दशकात अमेरिकेत न्यूट्रॉनसाठी वाढली. १९६९ साली सुरू झालेल्या आपल्या शेजारच्या अणुभट्टीत न्यूट्रॉन फिरतात त्याचे समीकरण आणि ढगातल्या उन्हाचे समीकरण एकाच घराण्यातले. पण ती खर्चिक, म्हणून हवामानाची गणिते अजून बहुधा दोन प्रवाहांवरच चालतात. मोकळा भाग वेगळा आणि ढगाळ वेगळा धरतात, एवढी सुधारणा झाली आहे. ढगाच्या कडेने आडवे निसटणारे ऊन मात्र त्यांत सहसा येत नाही. आणि पांढऱ्या ढगाच्या कडेशी सूर्य असला की खालच्या वाळूवर निरभ्र दुपारीपेक्षाही जास्त ऊन काही क्षण पडते.