मंडईपासून तांबट आळीपर्यंत

पुण्याला पाहुणा आला की त्याचा एक ठरलेला फेरा असतो. शनिवारवाडा पाहायचा, सारसबागेतल्या गणपतीला नमस्कार करायचा, पर्वती चढायची, तुळशीबागेत घरच्यांची खरेदी उरकायची आणि संध्याकाळची एस्टी पकडायची. शाळेची सहल आली तरी क्रम हाच. मुले रांगेत चालतात, मास्तर माणसे मोजतात, आणि गावी गेल्यावर वहीत निबंध लिहिला जातो. यात वाईट काही नाही. परंतु मी आज तुम्हांला थोड्या वेगळ्या वाटेने नेणार आहे. ही वाट भाजीच्या देठांवरून आणि बांबूच्या सालपटांवरून जाते आणि हातोडीच्या आवाजापाशी संपते. या वाटेला तिकीट लागत नाही. पायांत चपला बळकट असाव्यात, एवढेच.

सुरुवात करू महात्मा फुले मंडईपासून. मधोमध अष्टकोनी मनोरा आणि त्याच्या भोवती उतरत्या छपरांची लांब दालने अशी ही दगडी इमारत १८८६ साली पुरी झाली. त्याआधी भाजीचा बाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात उघड्यावर भरत असे. त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून हिला रे मार्केट म्हणत. आता गंमत अशी, की जिला आपण महात्मा फुले मंडई म्हणतो, तिच्यावरच्या खर्चाला खुद्द जोतीराव फुल्यांचा विरोध होता! ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. एवढा पैसा भव्य इमारतीवर घालण्यापेक्षा तो गोरगरिबांच्या शिक्षणावर घाला, असे त्यांचे म्हणणे होते. ते मानले गेले नाही. इमारत उभी राहिली आणि पुढे तिला नाव मिळाले ते विरोध करणाऱ्याचेच. २०२४ सालापासून जमिनीखालून धावणाऱ्या मेट्रोच्या स्थानकालाही मंडईचेच नाव आहे.

जोतीरावांची ती हरकत तुम्ही लक्षात ठेवा. आपल्याला तिच्याकडे परत यायचे आहे.

आत शिरलात की पहिल्यांदा नाक जागे होते. ओली मेथी, कोथिंबीर, आले, लिंबे, पिकलेले पेरू. ओट्यांवर मालाच्या चळती आणि त्यांच्या मागे बसलेल्या बाया. हाताने भाजी निवडणे चालू, तोंडाने भाव सांगणे चालू, आणि डोळा मात्र तुमच्या पिशवीवर. इथे ऋतू पाहायला पंचांग लागत नाही. पुरंदरचे अंजीर आणि सीताफळ आले, मावळातला आंबेमोहोर आला, हरभऱ्याचे डहाळे आले, की कोणता महिना चालू आहे ते मंडईच सांगते. संक्रांतीच्या आदल्या दिवशी तर बाहेरच्या पदपथावर सुगडी मांडून बसलेल्या बाया दिसतात. शेजारी उसाचे करवे, बोरे, गाजरे, ओला हरभरा. सुगड कुंभाराचे आणि आतला जिन्नस शेतकऱ्याचा. एका मुठीत मावणाऱ्या त्या मडक्यात गावचे दोन धंदे एकत्र येतात, हे आपण कधी ध्यानात घेतो का?

शेतकरी बंधूंनो, तुमचा माल मात्र थेट या ओट्यावर येत नाही, हे तुम्ही जाणताच. तो आधी गुलटेकडीच्या मार्केट यार्डात येतो. तिथे आडत्या, तोलणार, हमाल यांच्या हातांतून तो किरकोळ विक्रेत्याकडे जातो आणि मग टेम्पोने मंडईत. वाटेत काही सडते, काही वाळते, काही चेंगरते. भाजीवाली सकाळी ज्या भावाने जुडी विकते, त्या भावाने संध्याकाळी विकू शकत नाही, कारण उरलेल्या कोथिंबिरीला उद्या कोण विचारणार? म्हणून “आम्हांला एवढेच मिळाले आणि शहरात एवढ्याला विकतात,” असे म्हणताना मधला प्रत्येक हात चोराचा असतो असे धरून चालू नये. काही हात नुसते दमलेले असतात.

त्या दमलेल्या हातांसाठीच पुण्यात एक मोठे काम झाले. डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने हमाल पंचायत उभी राहिली, आणि या पंचायतीने १९७४ साली ‘कष्टाची भाकर’ हा उपक्रम सुरू केला. पाठीवर क्विंटलाची ओझी वाहणाऱ्याला परवडेल अशा दरात पोटभर झुणका-भाकर, भाजी मिळावी, हा त्यामागचा विचार. शहरातले खास खाणे कोणते असे मला कोणी विचारले, तर मिसळ आणि बाकरवडी यांच्या आधी मी या भाकरीचे नाव घेईन. तिची चव काही जगावेगळी नाही. परंतु ती कोणाच्या भुकेसाठी निघाली, हे कळल्यावर घास जरा वेगळा लागतो.

चला, आता मंडईतून बाहेर पडू. थोडे चालले की बुरूड आळी लागते. दुकानांच्या दारात उभे केलेले बांबू, जमिनीवर हिरवी सालपटे, आणि मधोमध मांडी घालून बसलेली माणसे. कोयत्याने बांबू उभा चिरायचा, त्याच्या कामट्या काढायच्या, कामट्या तासून पात करायच्या, आणि मग विणकाम. सूप, टोपली, रोवळी, दुरडी, परडी, हारा, डालगे. प्रत्येकाची वीण निराळी, कारण प्रत्येकाचे काम निराळे. रोवळीतून तांदूळ धुतल्यावर पाणी निथळले पाहिजे, पण कणी निसटता कामा नये. सुपातून फोलपट उडाले पाहिजे, पण दाणा मागे सरकला पाहिजे. हे गणित कोणी कागदावर मांडलेले नाही. ते बोटांत आहे.

इथे मला माझी एक चूक तुम्हांला सांगायची आहे. मी पुण्यात एम. ए. करीत होतो. विषय अर्थशास्त्र. आईने गावाहून निरोप पाठवला, की येताना एक चांगले सूप आण. मी या आळीत आलो. एका बाईने भाव सांगितला, मी निम्मा सांगितला. ती थोडी उतरली, मी हटून बसलो. निघून जाण्याचे सोंगही केले. शेवटी ती म्हणाली, “घ्या दादा, बोहनी आहे. पण पाखडायला बसाल तवा बघा, किती बोटं लागलीत त्याला.” मी सूप काखोटीला मारले आणि मोठ्या विजयाने गावी गेलो.

आईने सुपाच्या कडेवरून हात फिरवला, उजेडात धरून पाहिले आणि भाव विचारला. मी अभिमानाने सांगितला. ती एवढेच म्हणाली, “सूप चांगलं आहे रे. भाव वाईट केलास.” आमच्या गावच्या बुरडाला ती सुपाच्या पैशांवर सूपभर जोंधळे घालीत असे. किंमत मागणी-पुरवठ्यावर ठरते, हे मला परीक्षेपुरते पाठ होते. समोरचा माणूस बोहनीसाठी अडलेला असतो, आणि आपण त्याच्या अडचणीलाच बाजारभाव म्हणतो, हे मला त्या दिवशी आईकडून कळले.

आज या आळीपुढे दुसरी अडचण आहे. भाजीसाठी प्लॅस्टिकचे क्रेट आले, धान्य गिरणीतून निवडूनच येऊ लागले, आणि घरोघर लागणारे सूप लग्नाच्या रुखवतापुरते उरले. प्लॅस्टिकचे सूप टिकते, धुता येते, स्वस्त मिळते. हे खोटे नाही. ज्या शेतकऱ्याला रोज पन्नास क्रेट टोमॅटो भरायचे आहेत, त्याने बांबूच्या पाट्याच वापराव्यात, असे मी म्हणणार नाही. परंतु जिथे बांबूची वस्तू आजही अधिक चांगले काम देते, तिथे ती का जावी? फुले, पालेभाजी, भाकरी यांना वारा लागतो. बांबूची दुरडी तो देते. प्लॅस्टिकचा डबा देत नाही.

आता कसबा पेठेकडे वळू. शिवाजी रस्त्याने शनिवारवाड्याच्या अंगाने गेलात, की वीसेक मिनिटांत तांबट आळी येते. वाट कोणाला विचारायची गरज नाही, ठोके ऐकू येतात. हे तांबट पेशवाईत कोकणातून पुण्याला आले आणि इथेच वसले. हंडे, कळशा, घंगाळे, बंब, पराती, पूजेची भांडी, सारे त्यांच्या हातांतून निघाले. जवळच्याच कुंभारवाड्यातली बरीच चाके मुंढव्याच्या बाजूला केशवनगरात गेली. तांबट मात्र मोजक्या घरांनी का होईना, आळीत टिकून आहेत.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातली मुले घेऊन मी तिथे गेलो होतो. एक कारागीर जमिनीत रोवलेल्या लोखंडी कांबीवर तांब्या उपडा धरून ठोके मारीत होते. याला मठारकाम म्हणतात. मुलांना वाटले, ही नक्षी आहे. कारागीर हसले. म्हणाले, “शोभेसाठी नाही, बळासाठी आहे.” तांबे ठोकले की कठीण होते, ते पोचत नाही. पण फार ठोकले तर चिरते. म्हणून मधेच भट्टीत तापवून त्याला पुन्हा मऊ करायचे आणि पुन्हा ठोकायचे. एका मुलाने एका तांब्याचे ठोके मोजायला घेतले. कितीतरी शेकडे झाल्यावर त्याने नाद सोडला. एकाही ठोक्यावर दुसरा पडला नव्हता.

कल्हईही तिथेच समजली. तांब्यापितळेच्या भांड्यात ताक, आमटी असे आंबट ठेवले की ते कळकते आणि बाधते. म्हणून भांडे तापवून, आत नवसागर फिरवून, कथिलाचा पातळ थर कापसाच्या बोळ्याने द्यायचा. पांढरा धूर उठतो आणि काळवंडलेले भांडे डोळ्यांदेखत चांदीसारखे होते. शिक्षक बंधुभगिनींनो, रसायनशास्त्राचा असा पाठ फळ्यावर होत नाही.

मग एका मुलीने विचारले, “तुमचा मुलगा हेच काम करणार का?”

त्यांनी हातोडी खाली ठेवली. म्हणाले, “नाही. तो कॉम्प्युटर शिकतोय. मीच शिक म्हटलं. माझ्या वडलांना शेवटी शेवटी काही ऐकू येत नव्हतं. मलाही आता कमीच येतं.” थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग तेच म्हणाले, “पण हे काम माझ्याबरोबर जाऊ नये, असंही वाटतं. कोणी शिकायला आलं तर शिकवीन. कोणीही.”

श्रोते हो, खरा पेच इथे आहे. कारागिराच्या मुलाने कारागीरच व्हावे, असे म्हणण्याचा आपल्याला काय अधिकार? जन्माने हाताला चिकटलेला धंदा सोडून तो शाळेत गेला, तर जोतीरावांना आनंदच झाला असता. आणि तरीही, पिढ्यान्‌पिढ्या कमावलेली विद्या एका म्हाताऱ्याच्या कानांबरोबर विझून जावी, हेही बरे नाही. मला यातून एकच वाट दिसते. धंदा जातीचा राहू नये, विद्या मात्र राहावी. ज्याला आवड आहे त्याला ती शिकता यावी, तिच्यावर नीट पोट भरावे, आणि कानांवर संरक्षण घालून काम करण्याइतकी सोय असावी. तांबटाचा मुलगा संगणक शिकला, तसा संगणकवाल्याचा मुलगा मठारकाम का शिकू नये?

आमच्या वर्गातले दोघे तिथे शिकायला गेले. एकाने आठवड्यात सोडले. हाताला फोड आले म्हणाला. दुसरा वर्षभर दर रविवारी जात राहिला. त्याने केलेला पहिला तांब्या माझ्या टेबलावर आहे. तो सरळ उभा राहत नाही, थोडा कलतो. मी त्यात पेन्सिली ठेवतो.

आता जोतीरावांच्या हरकतीकडे परत येऊ. पैसा इमारतीवर की शिक्षणावर, असे त्यांनी विचारले होते. इमारत तर उभी आहे. मग निदान तिची शाळा तरी आपण करू या. शिक्षकांनो, यंदा सहल पुण्याला आणाल, तेव्हा एक सकाळ या वाटेसाठी राखून ठेवा. पुण्याला येणे जमणार नसेल, तर तुमच्या तालुक्याचा आठवड्याचा बाजार आहेच. प्रत्येक मुलाला एक वस्तू निवडायला सांगा: एक जुडी, एक टोपली, एक माठ. ती कोणाच्या शिवारातून किंवा कोणाच्या हातून आली, किती वेळ लागला, किती हातांतून गेली, कोणाच्या पदरात काय पडले आणि हे काम पुढे कोण शिकतो आहे, एवढे विचारून यायचे. मात्र दुकानाच्या ऐन गर्दीच्या वेळी घोळका करून उभे राहू नका, आणि विचारल्याशिवाय कोणाचा फोटो काढू नका. माणसे आपली कामे करीत असतात. ती आपल्याला पाहण्यासाठी मांडून ठेवलेली नाहीत.

आणि खरेदी करताना घासाघीस करायची की नाही? जरूर करा, तो बाजाराचा रिवाज आहे. पण कुठे थांबायचे, तेही ठरवून जा. त्या सुपानंतर बऱ्याच वर्षांनी मी पुन्हा बुरूड आळीत गेलो. ती बाई दिसली नाही. तिच्या जागी एक तरुण मुलगी पात तासत बसली होती. मी सूप उचलले, उजेडात धरून वीण पाहिली, भाव विचारला आणि दिला. तिने जरा नवलाने माझ्याकडे पाहिले. आई आता नाही. पण त्या दिवशी घरी सूप नेल्यावर त्याच्या कडेवरून हात मात्र मी तिच्यासारखाच फिरवला.