मामंजींचे दुखणे आणि एक सही
(वर्धापनदिनी मंडळात केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही आणि शिक्षणही सातवीपर्यंतचेच. पण मामंजींच्या आजारपणात जे कळले ते चारजणींना सांग, असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला, म्हणून उभी आहे. विषय पुरुषांच्या दुखण्याचा आहे, तरी लाजू नका. रात्रीतून पाच वेळा लघवीला उठणारा माणूस 'वय झाले' म्हणून गप्प बसतो. मोरीची कडी वाजलेली ऐकतो त्या आपणच.

मामंजींना प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग निघाला. ही ग्रंथी मूत्राशयाच्या खाली असते. रक्तातले पीएसए वाढलेले आले, मग तुकडा काढून तपासला. धाकटी लेक म्हणाली, "आजोबांना नव्या उपचाराच्या चाचणीत घेतात का, विचारू या." त्यावर वन्सं कडाडल्या, "माझ्या वडिलांचा उंदीर करणार का?"

उंदराची ही भीती घरोघरी आहे. म्हणून एक झालेली चाचणीच सांगते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात २०११ ते २०१७ या काळात याच रोगाचे, जास्त धोका असलेले २२४ रुग्ण घेतले. किरण फक्त ग्रंथीला द्यावेत की ओटीपोटातल्या गाठींच्या जागीही द्यावेत, एवढाच प्रश्न. कोणाला काय मिळणार हे चिठ्ठी उचलावी तसे ठरले. डॉक्टरांच्या मर्जीवर नव्हे. उपचाराविना कोणीच राहिले नाही. निकाल २०२१ साली छापून आला. पाच वर्षांनी पीएसए पुन्हा न चढलेले रुग्ण पहिल्या गटात शंभरात सुमारे ८१, दुसऱ्यात ९५. दुसऱ्या गटाला लघवीचा त्रास मात्र अधिक झाला, आणि तोवर जगण्या-मरण्यात मोठा फरक दिसला नाही. मला तर यात उंदीर कुठेच दिसला नाही.

अशा चाचण्यांची एक सरकारी नोंदवही आहे, सी.टी.आर.आय. नावाची. ती २००७ साली सुरू झाली, आणि २००९ पासून पहिला रुग्ण घेण्याआधी तीत नोंद करावीच लागते. फोनवर कोणालाही फुकट पाहता येते. इंग्रजीत आहे, म्हणून लेकीला शेजारी बसवले. कोणते रुग्णालय, कसा रुग्ण हवा, भरती चालू आहे की संपली, कोणाला फोन करायचा, सारे तीत असते. पण नोंद आहे म्हणून औषध गुणकारीच, असे समजू नये.

आता जे मनाला लागले ते सांगते. गावातल्या एका दवाखान्यात पहिल्याच आठवड्यात मामंजींना हार्मोनचे इंजेक्शन देऊन टाकले. आम्हाला काही सांगितले नाही, विचारले नाही. नोंदवहीतल्या पहिल्या चाचणीला उपचार सुरू न झालेलाच रुग्ण हवा होता. दार बंद. मामंजी एवढेच म्हणाले, "ही गाडी गेली, दुसरी बघा." म्हणून म्हणते, जीव फार घाईला आलेला नसेल, तर पहिल्या सुईआधीच डॉक्टरांना विचारा.

दुसऱ्या चाचणीत इंजेक्शन चालत होते. संमतिपत्र मराठीत मिळाले. मामंजींनी ते तीन दिवस उशाशी ठेवून वाचले आणि डॉक्टरांपुढे बसून विचारले, "मला नुसती खोटी गोळी आली तर?" डॉक्टर म्हणाले, "तरी नेहमीचा उपचार चालूच राहील." मधेच सोडता येते, त्याने पुढच्या उपचाराला बाध येत नाही. चाचणीमुळे इजा झाली तर औषधपाणी फुकट करावे लागते, असा २०१९ चा नियम आहे. प्रवासखर्च मिळणार नाही, हेही त्यांनी स्वच्छ सांगितले. ते मला आवडले. नंतर कटकट नको. सही करताना वन्सं शेजारीच होत्या.

मामंजी कोणत्या गटात आहेत हे त्यांना ठाऊक नाही, डॉक्टरांनाही नाही. दुधाच्या हिशेबाच्या वहीशेजारी मी दुसरी वही ठेवली आहे. त्यांना कधी मळमळले, कधी पाय सुजले, तारीख घालून लिहिते. तीन महिन्यांनी मुंबईला जाताना ती बरोबर नेतो. पुढची खेप आषाढात आहे. कोणाच्या घरी असे दुखणे असेल तर वही पाहायला या. दुपारी तीननंतर मी घरीच असते.