पाळी जाताना: घरगुती उपाय आणि त्यांची मर्यादा

(संस्थेच्या माता-पालक मेळाव्यात एका स्त्री-डॉक्टरांनी दिलेले व्याख्यान)



मुलींच्या अभ्यासाविषयी ऐकण्यासाठी आपण येथे नेहमी जमता. आज मुलींच्या आयांच्या प्रकृतीविषयी बोलावे, असे चिटणीसांनी सुचविले आणि मी ते आनंदाने मान्य केले. हा विषय आपल्या घरांत पुरुषांपुढे निघत नाही आणि बायकाबायकांतही कुजबुजीच्या पुढे जात नाही. तो म्हणजे पाळी जाण्याचा काळ, ज्याला पुस्तकी भाषेत रजोनिवृत्ती म्हणतात.

लहानपणी मी पाहत असे, माझी अम्मी चुलीपुढून एकदम उठे आणि मागच्या पडवीत जाऊन उभी राही. चेहरा लाल, मानेवर घाम. आम्हा मुलांना वाटे, चुलीची धग लागली. पुढे वैद्यकाची पुस्तके हाती आली, तेव्हा कळले की ती धग चुलीची नव्हती.

सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे ती गेली, असे समजतात. आपल्या देशात हे सरासरी ४६-४७ व्या वर्षी घडते. त्याआधी काही वर्षे पाळी मागेपुढे होते, कारण बीजांडकोशातून तयार होणारे इस्ट्रोजेन कमी होत जाते. शरीराच्या उष्णतेवर देखरेख ठेवणारे मेंदूतील केंद्र त्यामुळे हळवे बनते. अंगाची उष्णता किंचित वाढली तरी ते घाबरून जाते आणि घाम फोडते. हीच ती झळ. रात्री ती आली की झोप मोडते, झोप मोडली की दुसऱ्या दिवशी चिडचिड होते, आणि घरचे म्हणतात, "हिला झाले आहे तरी काय?" कुणाला हा त्रास थोडे दिवस होतो, कुणाला सात-आठ वर्षे पुरतो, तर कुणाला मुळीच होत नाही. हा आजार नव्हे, पण ढोंगही नव्हे.

आता उपाय. सुती, सैल कपडे घालावेत. उशाशी पाण्याचा तांब्या ठेवावा. रात्रीचे जेवण लवकर घ्यावे. कडक चहा किंवा झणझणीत रस्सा घेतल्यावर झळ येते असे ज्यांना आढळते, त्यांनी तो कमी करावा. याने झळा बंद होत नाहीत, पण त्या सोसणे सोपे जाते. उत्तर अमेरिकेतील रजोनिवृत्तीविषयक तज्ज्ञ संस्थेने २०२३ मध्ये संप्रेरकांशिवायच्या उपायांचा आढावा घेतला. वजन जास्त असेल तर ते उतरविणे आणि विचारांना व सवयींना वळण लावणारे समुपदेशन, या दोन्ही गोष्टींची त्यांनी झळांसाठी शिफारस केली. व्यायाम, योगासने, दीर्घ श्वसन, सोयाबीन आणि जडीबुटी यांनी झळा कमी होतात, असा पुरेसा पुरावा मात्र त्यांना मिळाला नाही.

मग चालायला जाऊ नये काय? अवश्य जावे! चालण्याने हृदय आणि हाडे सुधारतात, मन हलके होते. पाळी गेल्यानंतर हाडे वेगाने ठिसूळ होऊ लागतात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे या वयातील स्त्रीला रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम असते. दूध, दही, तीळ आणि काट्यासकट खाता येणारी बारीक मासळी हीही आपल्या घरातलीच आहे. कॅल्शियम अंगी लागण्यास ड जीवनसत्त्व लागते आणि ते त्वचेवर ऊन पडल्याने तयार होते. पडद्यात वावरणाऱ्या भगिनींनी गच्चीवर किंवा परसात आडोसा करून हातापायांवर थोडा वेळ ऊन घ्यावे. सकाळच्या अगदी कोवळ्या उन्हाने हे काम फारसे होत नाही. ऊन चांगले वर यावे लागते. आणि मिश्री सोडावी. ती भाजलेली तंबाखूच आहे.

आणखी एक गोष्ट संकोच सोडून सांगते. या वयात जागेला कोरडेपणा येतो, जळजळ होते, लघवीला वारंवार जावे लागते. झळा जशा पुढे आपोआप ओसरतात, तसा हा कोरडेपणा ओसरत नाही. त्यावर साधी मलमे मिळतात. स्त्री-डॉक्टरला विचारावे, मनात कुढत बसू नये.

आता ज्या कारणासाठी मी आज मुद्दाम आले, ते सांगते. माझ्या खालाची पाळी जाऊन दोन वर्षे झाली होती. मग पुन्हा थोडे थोडे रक्त दिसू लागले. घरातल्या वडीलधाऱ्या बायका म्हणाल्या, "उष्णता आहे, जाईल." कुणी पूड आणून दिली, कुणी काढा. आठ महिने गेले. मी तेव्हा वैद्यकीय शिक्षण घेत होते, सुट्टीत त्याच घरात राहत होते, खालाच्या हातचे जेवत होते. पण लाजेने मला कुणी काही सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही. निदान झाले ते गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचे, आणि तोवर तो पसरला होता. तो काढा वाईट नव्हता. त्याने फक्त आठ महिने खाल्ले.

म्हणून लक्षात ठेवा: पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक डाग जरी दिसला, तरी ती पाळी नव्हे. बहुतेक वेळा कारण साधे निघते, पण ते तपासल्यावरच कळते. चाळिशीच्या आत पाळी गेली, तरीही डॉक्टरकडे जावे.

उलट टोकही तितकेच वाईट. "पिशवी काढून टाका, कटकट जाईल," असा सल्ला सहज दिला जातो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड भगिनींच्या अशा शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी शासनाला समिती नेमावी लागली. पिशवीबरोबर बीजांडकोशही काढले तर सर्व त्रास एकदमच सुरू होतो. कारण समजल्याशिवाय, आणि दुसऱ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय, संमती देऊ नये.

झळांनी जगणे अवघड झाले तर संप्रेरकांची औषधे आहेत. २००२ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासामुळे त्यांची फार धास्ती बसली. आजचे मत असे आहे की साठीच्या आतील, किंवा पाळी जाऊन दहा वर्षे न झालेल्या, निरोगी स्त्रीला सहसा त्यांचा फायदा धोक्याहून अधिक असतो. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांना ती सहसा देत नाहीत. निर्णय डॉक्टरच्या सल्ल्यानेच घ्यावा.

शेवटी एक विनंती. आज घरी गेल्यावर हे आपल्या मुलींना सांगा, आणि जमल्यास त्यांच्या अब्बांनाही. आई पडवीत का उभी आहे, हे मुलीला ठाऊक असले, तर ती पाण्याचा पेला घेऊन मागोमाग येईल. आणि एखाद्या दिवशी आईला विचारायलाही ती लाजणार नाही.