शुद्ध हरपणे म्हणजे संमती नव्हे



या मंगल प्रसंगी हा विषय कशाला, असे काहींस वाटेल. परंतु अत्याचार झालेल्या मुलीला ‘तू प्यालीस कशाला?’ हाच पहिला प्रश्न आपल्या घरांतून होतो आणि ती कायमची मुकी होते. म्हणून आम्ही बोलतो.

कायदा हा प्रश्न विचारीत नाही. नशेमुळे स्त्रीला कृत्याचे स्वरूप व परिणाम उमगत नसतील, तर तिचा होकारही होकार नव्हे. ही तरतूद १९८३ साली दंडविधानात आली. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या ६३ व्या कलमात आहे. मद्य तिने स्वतः घेतलेले असले तरी हे संरक्षण जात नाही. प्रतिकार केला नाही, एवढ्यावरूनही संमती ठरत नाही.

तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदविता येते. सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाने उपचार विनामूल्य केलेच पाहिजेत. रक्तातील मद्याचा पुरावा काही तासांतच ओसरतो; विलंब नको. तिचे नाव छापणे हा गुन्हा आहे.

आमची विनंती एवढीच: आधी तिला दवाखान्यात न्यावे, उपदेश मागाहूनही नको.