शांटे : कौतुक झालं, खप झाला नाही
(मंडळाच्या गणेशोत्सवातील भाषणाचा मजकूर)

 

आज मी एका व्हिडिओ गेमबद्दल बोलणार आहे. ‘गणपतीतल्या व्याख्यानाला हा काय विषय?’ असं ज्येष्ठांना वाटणं साहजिक आहे. पण नाटक पडलं की चाललं, पुस्तकाचं स्वागत कसं झालं, यावर आपण तासन्‌तास बोलतो. गेमही माणसंच करतात. कोणी चित्रं काढतं, कोणी संगीत देतं, कोणी गणित मांडतं. त्यामुळे त्याच्याही वाट्याला कौतुक येतं आणि उपेक्षाही येते.

गेमचं नाव ‘शांटे’. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या वेफॉरवर्ड या कंपनीने तो गेम बॉय कलर या यंत्रासाठी बनवला. हे यंत्र हाताच्या पंजात मावणारं, पडदा आगपेटीएवढा आणि मागे खाचेत कॅसेट घालायची. या पडद्यावर आडवे १६० आणि उभे १४४ एवढेच ठिपके. शांटे ही अर्धी जिनी, अर्धी माणूस असलेली मुलगी. ती लांब केसांचा चाबकासारखा फटका मारते आणि नृत्य करून माकड, हत्ती, कोळी अशी रूपं घेते. उड्या मारत पुढे जायचं, नवं रूप मिळालं की मागे न उघडलेल्या वाटा उघडायच्या, असा हा खेळ. पात्राची मूळ कल्पना एरिन बोझन यांची आणि दिग्दर्शन त्यांचे पती मॅट बोझन यांचं. संगीत जेक कॉफमन यांचं.

गेम प्रकाशित करायला बराच काळ कोणी तयार होईना. शेवटी कॅपकॉम या जपानी कंपनीने जबाबदारी घेतली आणि जून २००२ मध्ये तो उत्तर अमेरिकेच्या बाजारात आला. अडचण अशी, की त्याआधी वर्षभर, म्हणजे २००१ मध्येच, गेम बॉय अ‍ॅडव्हान्स हे पुढचं यंत्र दुकानात आलं होतं. जुनी कॅसेट नव्या यंत्रावर चालत होती. एवढंच काय, शांटे नव्या यंत्रावर लावली तर एक जादा रूपही मिळायचं. पण गिऱ्हाईक हे तपासत बसत नाही. दुकानदार नव्या मालाला दर्शनी जागा देतो, जुना माल कोपऱ्यात जातो.

समीक्षकांनी मात्र गेम डोक्यावर घेतला. एवढ्याशा यंत्रावर इतकी मोकळी हालचाल, इतके रंग, इतकं चांगलं संगीत, याचं त्यांनी मनापासून कौतुक केलं. दोषही सांगितले. खेळ अवघड आहे, पडदा लहान असल्यामुळे उडी मारताना खाली काय आहे ते दिसत नाही, त्याच वाटेने पुन्हा पुन्हा फिरावं लागतं. हे दोष खरेच होते. पण खप झाला नाही तो या दोषांमुळे नव्हे. ज्या यंत्रासाठी गेम केला, त्या यंत्राचे दिवस संपत आले होते. माल उत्तम, पण बाजार उठायच्या वेळी आला.

पुढचा भाग नव्या यंत्रासाठी करायला घेतला होता, पण पहिला खपला नव्हता, त्यामुळे त्याला प्रकाशक मिळाला नाही आणि काम थांबलं. बहुतेक गेमची गोष्ट इथे संपते. शांटेची संपली नाही, याची दोन कारणं मला दिसतात.

पहिलं कारण म्हणजे पात्राचे हक्क कंपनीने स्वतःकडे ठेवले होते. पोटासाठी ती दुसऱ्यांची कामं करत राहिली, सिनेमा-कार्टूनवरचे गेम ठरल्या वेळेत करून देत राहिली आणि शांटे जपून ठेवली. दुसरं कारण म्हणजे ज्या थोड्या लोकांनी गेम खेळला, ते त्याला विसरले नाहीत. त्यांनी इतरांना सांगितलं. जुनी कॅसेट संग्राहक शोधू लागले.

आठ वर्षांनी, २०१० मध्ये, दुसरा गेम आला आणि त्याचं चांगलं स्वागत झालं. २०१३ मध्ये कंपनीने आणखी एका भागासाठी किकस्टार्टर या संकेतस्थळावर चक्क वर्गणी मागितली! अपेक्षा ४ लाख डॉलरची होती, जमले पावणेआठ लाखांच्या वर. २००२ नंतर थांबलेला तो भागही अखेर पूर्ण झाला आणि २०२५ मध्ये त्याच जुन्या यंत्राच्या कॅसेटवर लोकांच्या हातात पडला.

मंडळी, वर्गणीचं महत्त्व आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. पण स्वतःला एक प्रश्न विचारू या. मंडळाच्या नाटकाला ‘छान झालं हो’ म्हणणारे पुष्कळ असतात. तिकीट काढून येणारे किती? घरच्या मराठी पुस्तकांचा अभिमान सगळ्यांना असतो. या वर्षी एक तरी नवं विकत घेतलं, असे किती? शांटेला २००२ मध्ये शब्द भरपूर मिळाले, पण शब्दांवर पुढचा भाग निघाला नाही. तो निघाला ते चाहत्यांनी खिशात हात घातल्यावर आणि करणाऱ्यांनी धीर धरल्यावर. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या मराठी जपणाऱ्या आपल्या घरांना हा हिशेब लागू आहे.

पालकांनाही एक विनंती. आपल्यापैकी काहींची मुलं आता गेम नुसते खेळत नाहीत, संगणकावर बनवून बघतात. ‘यातून काय मिळणार?’ हा प्रश्न रास्त आहे, पण तो दुसऱ्या दिवशी विचारा. आधी तो गेम स्वतः खेळा, कुठे अडलात ते सांगा. समीक्षकांनी शांटेसाठी तेवढं तरी केलं होतं.

आणि मुलांनो, अभ्यास सांभाळून करा, अपुरं राहिलं तर फेकून देऊ नका. उद्या संध्याकाळी मंडळाची एकांकिका आहे. प्रवेशिका दारापाशी मिळतील, विकत घ्यायच्या आहेत.