स्वागताध्यक्षांचे भाषण



मी डॉक्टर नाही, आंबा बागायतदार आहे. तरीही परिषदेच्या समितीने स्वागताध्यक्षपदाचा मान मला दिला, याबद्दल मी ऋणी आहे. आंबा अजून मोहोरात आहे. हापूस तुमच्या पानात वाढता येत नाही, ही माझी पहिली दिलगिरी.

रत्नागिरी हे लोकमान्य टिळकांचे जन्मगाव. ते 1856 साली जन्मले, त्याच्या 28 वर्षे आधी, 1828 साली, इथे वाचनालय सुरू झाले होते. आमचे नगर वाचनालय ते हेच. माझे अर्धे शिक्षण तिथे झाले. भागोजीशेठ कीरांनी पदरच्या पैशाने उभारलेले पतितपावन मंदिर 1931चे. पण ही परिषद मेंदूविषयीची आहे, म्हणून आमच्या आणखी एका संस्थेविषयी मला मनापासून बोलायचे आहे.

1886 साली इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इथे आणून ठेवले. त्याच साली रत्नागिरीत मनोरुग्णालय सुरू झाले. राजा 1916 साली इथेच वारला. त्याचा वाडा बघायला पाहुणे येतात. मनोरुग्णालयाकडे मात्र कुणी वळत नाही. मनोरुग्णालय म्हटले की ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही नावे महाराष्ट्रात कित्येक दशके एका दमात घेतली गेली. बाहेरगावी गावाचे नाव सांगितले की लोक हसायचे. लहानपणी मला त्याचा राग येई, आज अभिमान वाटतो. ज्यांना घरच्यांनी टाकले, त्यांना या गावाने सव्वाशेहून अधिक वर्षे जेवू घातले. आमच्या आळीत तिथले एक परिचारक राहत. रात्रपाळी करून आले की रुग्णांविषयी ते घरच्या माणसांसारखे बोलत. त्यांचा फोटो कुठल्याही सभागृहात लागला नाही.

डॉक्टर मंडळींनो, आता तुमच्या विषयाकडे येतो. डोक्याला मार बसला की मेंदूच्या पेशींतली जीएफएपी आणि यूसीएच-एल1 ही प्रथिने रक्तात उतरतात, असे मला समजावून सांगण्यात आले. ती मोजणाऱ्या चाचणीला अमेरिकेत 2018 साली मान्यता मिळाली. 2024मध्ये तर रुग्णाच्या उशाशीच, पंधरा मिनिटांत उत्तर देणाऱ्या यंत्राला मिळाली. मार सौम्य वाटत असेल आणि 24 तासांच्या आत घेतलेल्या रक्तात ही प्रथिने वाढलेली नसतील, तर सीटी स्कॅन टाळता येतो. वाढलेली असतील, तर स्कॅन करायला उशीर लावायचा नाही.

कोकणात या चाचणीचे मोल काय, ते सांगतो. आमच्याकडे माणसे झाडावरून पडतात. माडावरून पडतात, आंब्यावरून पडतात. आमच्या बागेतला एक गडी आंबे काढायचा झेला घेऊन झाडावर चढला आणि फांदीसकट खाली आला. उठला, चहा प्याला, 'काय झालेला नाय' म्हणाला. आम्ही त्याचे ऐकले. रात्री त्याला उलट्या सुरू झाल्या. न्यायचे ते कोल्हापूरला, इथून सुमारे 130 किलोमीटर, मध्ये आंबा घाट. तो घाट त्याला ओलांडता आला नाही. दुपारीच कुणी बोटभर रक्त तपासून 'याला आत्ता हलवा' म्हणाले असते तर, हा विचार माझी पाठ सोडत नाही.

आता दुसरी दिलगिरी. निवासाची व्यवस्था तोकडी पडली. काहींना भक्तनिवासात, काहींना कार्यकर्त्यांच्या घरी उतरावे लागले. पहाटेच्या गाडीने आलेल्यांना स्टेशनवर तिष्ठावे लागले. पहिल्या दिवशी गरम पाणी पुरले नाही. या सगळ्याचा दोष माझा. कार्यकर्त्यांना बोल लावू नका.

मिरकरवाड्याच्या नौकामालकांनी मासळीचे पैसे घेतले नाहीत. चिरेखाणवाल्यांनी मंडपाचा खर्च उचलला. बागायतदार, औषधविक्रेते, काजू कारखानदार, रिक्षाचालक, सोलकढी आणि मोदक करणाऱ्या बचत गटाच्या भगिनी, आणि आपले नाव घेऊ नका असे बजावून पाकीट देऊन गेलेले एक निवृत्त शिक्षक, या सर्वांचे समितीवर उपकार आहेत.

डॉक्टर मंडळींना हात जोडून एकच विनंती. डोक्याच्या माराची ही रक्तचाचणी मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत अडकवू नका. तिची किंमत उतरवा, आणि ती घाटाच्या अलीकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोचवा.