हात धुतले कीं नाहीं ?

मधल्या सुटीची घंटा झाली. डबा उघडण्यापूर्वीं वर्गांतील किती मुलांनीं साबणानें हात धुतले, हा प्रश्न दिसतो सोपा. पण त्याचें खरें उत्तर मिळविणें मोठें बिकट आहे. वर्गांत विचारावें, तर सगळ्यांचेच हात वर होतात, आणि त्यांतले कित्येक शाईनें नि धुळीनें माखलेले असतात ! मुलें लबाड असतात असें नव्हे. गुरुजींना कोणतें उत्तर रुचेल, हें त्यांना पक्कें ठाऊक असतें.

म्हणून विचारण्यापेक्षां पाहणें बरें. नळाजवळ एक निरीक्षक वही घेऊन बसतो. शौचकूपाकडून परतणारें प्रत्येक मूल ही एक नोंद; साबण वापरला, नुसतें पाणी घेतलें, कीं तसेंच पुढें गेलें, असे तीन रकाने. नांवें लिहूं नयेत. मोजणी शाळेची व्हावयाची, मुलाची झडती नव्हे. परंतु वही दिसतांच साबणाभोंवतीं गर्दी होऊं लागते. ही शंका निराधार नाहीं. बांगलादेशांतील खेड्यांत साबणाच्या वडींत हालचाल टिपणारें इवलेंसें यंत्र बसवून तिची परीक्षा झाली. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या वृत्तांतानुसार, घरांत निरीक्षक बसला असतां साबणाची हालचाल ३५ टक्क्यांनीं वाढली. घरांतल्या वडील माणसांची ही तऱ्हा, तर शाळेंतल्या पोरांचें काय !

यासाठीं पहिल्या कांहीं दिवसांचे आंकडे बाजूस ठेवावे. तोंवर पाहुण्याचें नवल ओसरतें. शिवाय रोज सकाळ-संध्याकाळ साबणाची वडी तोलावी. वडी कोणाची भीड धरीत नाहीं. मात्र ओल्या बशींत पडून ती आपोआपही विरघळते, आणि ती किती हातांतून फिरली हें सांगत नाहीं. तेव्हां वही आणि तराजू दोन्ही हवींत.

बांगलादेशांतच दोन प्राथमिक शाळांत हात धुण्याची जागा बांधून, शौचकूपापासून तेथवर रंगीत वाट करण्यांत आली. वाटेवर पावलांचे आणि धुण्याच्या जागीं पंजांचे ठसे रंगविले. उपदेश मुळींच केला नाहीं. शौचानंतर साबणानें हात धुण्याचें प्रमाण पूर्वीं अवघें ४ टक्के होतें. सहा आठवड्यांनंतर तें ७४ टक्के आढळलें. हा वृत्तांत २०१६ सालचा. आधींचे ते ४ टक्के कोणीं तरी न लाजतां वहींत उतरविले होते, म्हणून पुढचा फरक कळला. जेथें हात वर करवून ‘शेंकडा शंभर’ असा अहवाल धाडला जातो, तेथें नळाची मोडकी तोटी तशीच राहते, आणि साबणासाठीं पैसेही कोणी मंजूर करीत नाहीं.